ऑब्लिगेशन, व्हर्च्यू आणि औषधाचा गुण

अठराव्या शतकातील ब्रिटिश नीतिचिंतकांच्या लेखनात येणाऱ्या ‘मॉरल ऑब्लिगेशन’ला मराठीत ‘नैतिक जबाबदारी’ म्हणावे की ‘नैतिक कर्तव्य’, असा प्रश्न आला आहे. ‘जबाबदारी’ तर मुळीच नको. राजीनामा देताना मंत्री जी नैतिक जबाबदारी स्वीकारतात, ती घडून गेलेल्या गोष्टीचा जबाब देण्याची असते. ऑब्लिगेशन कृतीच्या आधीच माणसाला बांधते. लॅटिन ‘लिगारे’ म्हणजे बांधणे, म्हणून ‘बंधन’ हाच नेमका शब्द, आणि ‘कर्तव्य’ हा ‘ड्यूटी’साठी राखून ठेवावा. ‘बांधिलकी’ सुचवणारेही भेटतात; पण बांधिलकी आपण होऊन पत्करलेली असते, आणि ही गाठ मारतो कोण हाच तर त्या शतकाचा वाद होता. रिचर्ड प्राइस (1758) म्हणतो की कृती योग्य असणे हेच तिचे बंधन. विल्यम पेलीला (1785) मात्र दुसऱ्याच्या आज्ञेतून आलेली जबर प्रेरणा लागते. ‘बांधिलकी’ लिहिले की पेली भाषांतरातच हरतो.

पण याच चिंतकांच्या लेखनातली खरी गंमत ‘व्हर्च्यू’ची आहे, ज्याला कोशांत ‘सद्गुण’ म्हणतात. लॅटिन ‘विर’ म्हणजे पुरुष आणि ‘विर्तुस’ म्हणजे पौरुष. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोनेही ही व्युत्पत्ती दिली आहे. हा ‘विर’ आणि आपला ‘वीर’ सख्खे चुलतभाऊ आहेत. लॅटिन शब्द संस्कृतातून निघाला असे अभिमानाने सांगत फिरणाऱ्यांनी चुलतभाऊ आणि मुलगा यांतला फरक समजून घ्यावा. इंग्रजीत वनस्पतीच्या औषधी सामर्थ्यालाही ‘व्हर्च्यू’ म्हणत, आणि आयुर्वेदात द्रव्याच्या त्याच सामर्थ्याला ‘वीर्य’ म्हणतात. दोन चुलत घराण्यांनी एकमेकांना न विचारता औषधाच्या ताकदीला पुरुषाच्या ताकदीचे नाव द्यावे, याहून सुंदर योगायोग मला ठाऊक नाही. आजच्या मराठीत ‘वीर्य’ एकाच अर्थाला जखडले गेल्याने ते इथे वापरता येत नाही, हे दुर्दैव.

तरीही ‘सद्गुण’ छापून मोकळे होणाऱ्या कोशकारांशी माझे जमत नाही, कारण ‘सद्’ हा उपसर्ग त्याच शतकातील स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या मुख्य मुद्द्याचाच गळा घोटतो. नीतितत्त्वांवरील त्याच्या 1751च्या ग्रंथात विनोदबुद्धी, आनंदी वृत्ती, इतकेच काय, स्वच्छतासुद्धा व्हर्च्यूंच्या पंक्तीला बसते, आणि केवळ शब्दांवरून होणाऱ्या वादांसाठी राखलेल्या परिशिष्टात तो म्हणतो की अंगची हुशारी आणि नैतिक थोरवी यांच्यातली सीमा भाषेत कुठेच पक्की आखलेली नाही. मराठीत ती सीमा ‘गुण’ या साध्या शब्दाने केव्हाच पुसली आहे: मुलगी गुणी असते, गवयाच्या अंगी गुण असतो आणि काढ्याचाही गुण येतो. म्हणून ह्यूमपुरते तरी नुसते ‘गुण’ लिहावे. शिवाय संस्कृतात ‘गुण’ म्हणजे दोरीही, म्हणजे बांधण्याची सोयसुद्धा त्याच शब्दात आहे.