आई पाणीच पीत नाही, आणि मी तिच्यावर ओरडले

पत्र: मावशी, आई 76 वर्षांची आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. गरमी वाढल्यापासून दिवसभरात जेमतेम दोन-तीन ग्लास पाणी पिते. काही म्हणलं की "मला तहानच नाही". गेल्या आठवड्यात सकाळी पलंगावरून उठताना चक्कर येऊन पडली, नशीब लागलं नाही. मी घाबरून तिच्यावर जाम ओरडले. तेव्हापासून धड बोलत नाहीये, आणि पाणी अजूनच कमी झालंय. – वैतागलेली लेक

अगं लेकी, पहिली गोष्ट, आई खोटं बोलत नाहीये. तिला खरंच तहान लागत नाही. वय वाढलं की तहानेची जाणीवच बोथट होते, त्यात किडनीची पाणी राखून ठेवायची ताकद कमी होते आणि स्नायू कमी झाल्यामुळे अंगातला पाण्याचा साठाही कमी असतो, म्हणजे आपल्याला घसा कोरडा पडल्यावर कळतं तसं तिला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे "तहान लागली की पी हं" हे तिला सांगून काही उपयोग नाही.

आता मला एक सांग, ती रात्री बाथरूमला कितीदा उठते? तुझ्या पत्रात याबद्दल एक अक्षर नाही. पण मला विचारशील तर सगळी गोम तिथंच असावी. म्हातारी माणसं पाणी टाळतात ती बरेचदा हट्टाने नाही, भीतीने टाळतात. अंधारात उठायचं, पाय घसरेल, वेळेत पोचता येणार नाही, कपडे ओले होतील, आणि हे पोरीला सांगायचं कसं? त्यापेक्षा न प्यायलेलं बरं. आणि आता तर ती पडलीये, म्हणजे भीती डबल. तू ओरडलीस तेव्हा तिला काय ऐकू आलं असेल बघ.

माझ्या वडिलांच्या वेळी मी पण शहाणपणा केला होता. भिंतीवर तक्ता लावला, ग्लासागणिक बरोबरची खूण करायची. रोज आठच्या आठ खुणा, मी खूश! पुढे खिडकीतल्या कुंडीतलं झाड कुजलं तेव्हा कळलं पाणी कुठं जात होतं ते. नंतर पलंगापासून बाथरूमपर्यंत छोटे दिवे लावले, धरायला दांडा बसवला, वाटेतलं पायपुसणं काढलं, आणि खरं सांगते, पाणी प्यायचं प्रमाण आपोआप वाढलं.

तर आधी ते कर. मग पाण्याची वेळ दिवसात लवकर आण, म्हणजे जास्तीत जास्त सकाळी आणि दुपारी, झोपायच्या आधी घोटभरच. गोळ्या दोन घोटांत गिळत असेल तर पूर्ण ग्लास दे. मोठा भरलेला तांब्या समोर ठेवू नकोस, बघूनच नको वाटतं आणि हात थरथरत असेल तर उचलवत पण नाही, हलका कप अर्धा भरून दे आणि स्वतःचा पण घेऊन शेजारी बस. आणि चहाने पाणी कमी होतं हे डोक्यातून काढ, रोजचा चहा, दूध, सूप सगळं मोजायचं. वयस्क बायकांना सगळी पेयं मिळून दिवसाला 1.6 लिटर आणि पुरुषांना 2 लिटर तरी हवं असं धरतात, गरमीत थोडं जास्तच. पण हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल आणि डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर हा आकडा विसर, त्यांनाच विचार.

डॉक्टरांकडे तर जायचंच आहे, कारण ती पडली हे त्यांना कळायला हवं. बीपीच्या गोळ्यांत लघवी जास्त होणारी गोळी आहे का विचार, असेल तर गरमीत डोस बदलायचा का, ती सकाळी घेतली तर चालेल का, हे ते ठरवतील. आपल्या मनाने बंद करायची नाही. अशा गोळीवर असताना नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्यानेही माणूस गोंधळतो, म्हणून एकदम चार ग्लास पाजायच्या भानगडीत पडू नकोस. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस, पाकीट ज्या मापाचं असेल तेवढ्या पाण्यात अख्खं, पण तिचं बीपी आहे म्हणून तेही विचारून.

कातडी चिमटीत धरून बघायचा जो प्रकार आहे ना, तो म्हाताऱ्यांच्या बाबतीत फसवा, वयाने कातडी सैल असतेच. त्यापेक्षा ती अचानक असंबद्ध बोलायला लागली, गुंगीत गेली, उभं राहिलं की गरगरतंय, लघवी अगदी कमी झालीये, हे बघ. बडबड किंवा गुंगी दिसली आणि अंग तापलेलं असेल तर घरगुती उपाय नकोत, अँब्युलन्स बोलाव, तोवर सावलीत आण, अंगावर ओलं फडकं फिरव आणि वारा घाल. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

आणि हो, आज संध्याकाळी तिच्याजवळ बस आणि "रात्री उठायची भीती वाटते का गं?" एवढंच विचार. पाण्याचा विषय काढू नकोस. ती काय म्हणाली ते मला कळव.