ल्हासा अप्सो फ्लॅटमध्ये, लहान मुलांच्या घरात पाळावा का?

चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, चार वर्षांच्या मुलीच्या सोबतीला ल्हासा अप्सो आणावा का आणि तो परक्यांवर फार भुंकतो हे खरे का, असे आपण विचारले आहे. पुण्यात आमच्या घरी अकरा वर्षे या जातीची सोनी आहे. तिच्यावरून सांगतो, की अवश्य आणावा. मात्र दिसायला मांडीवरचा असला तरी हा मुळात राखणदार कुत्रा आहे, हे घरातल्या सर्वांनी आधी समजून घ्यावे.

तिबेटमध्ये मठ आणि सरदारांच्या वाड्यांबाहेर मॅस्टिफ जातीचा थोराड कुत्रा बांधलेला असे, तर उंबरठ्याच्या आत हा जेमतेम दहा-अकरा इंच उंचीचा अप्सो कान टवकारून बसे आणि परक्याची चाहूल लागताच घर जागे करी. तेराव्या दलाई लामांनी 1933 मध्ये सायडम कटिंग या अमेरिकी प्रवाशाला भेट दिलेल्या जोडीपासून अमेरिकेत या जातीची पैदास सुरू झाली आणि 1935 मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या तेथील केनेल क्लबने तिला मान्यता दिली. ब्रिटनमध्ये त्या काळी अप्सो आणि शित्झू ही तशीच लांब केसांची छोटी जात यांची गल्लत होत असे. आपल्याकडे पिल्ले विकताना ती आजही होते, म्हणून निदान पिल्लाची आई तरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

लिफ्टचे दार उघडल्याच्या आवाजावरच सोनी उठते. बेल नंतर वाजते. तिचे भुंकणे आम्ही बंद केले नाही, कारण ते तिच्या रक्तातच आहे. दोनदा भुंकल्यावर 'बास' म्हटले की थांबायचे, एवढे मात्र शिकवले, आणि त्याला सहा महिने लागले. मुलांवर तिचा जीव आहे, पण केस ओढलेले, झोपेतून उचललेले तिला खपत नाही. आधी ती उठून दूर जाते, तरीही पाठ सोडली नाही तर गुरगुरते. आपल्या मुलीला 'तो गादीवर असला की हात लावायचा नाही' हा एक नियम पहिल्याच दिवशी शिकवावा.

खरे कष्ट केसांचे आहेत. वरवर कंगवा फिरवला तर पाठ चकचकीत दिसते आणि कानामागे, काखेत नमद्यासारख्या घट्ट जटा तयार होतात, म्हणून एकेक थर उचलून कातडीपासून विंचरावे लागते. पावसाळा सरल्यावर टेकडीवरून आलो की मी तिचा प्रत्येक पंजा उघडून बोटांच्या बेचक्या पाहतो, कारण गवताचे कुसळ तिथे एकदा आत शिरले की पू होईपर्यंत कळत नाही. स्पर्धेत उतरवायचे नसेल तर केस बारीक ठेवावेत. आपल्या उन्हाळ्यात तेच बरे, पण कातडी दिसेल इतके भादरू नयेत.

डोळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. सोनी सात वर्षांची असताना तिच्या डोळ्यांत चिकट पिवळसर चिपडे येऊ लागली आणि धूळ गेली असेल असे समजून आम्ही तीन आठवडे नुसते पुसत राहिलो. अखेर डॉक्टरांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवून एका मिनिटात ती किती भिजते ते पाहिले. 15 मिलिमीटर तरी भिजायला हवी होती, ती चारच भिजली. डोळे कोरडे पडण्याचा हा आजार या जातीत बराच आढळतो आणि दुर्लक्ष झाल्यास दृष्टी जाऊ शकते. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मलम घालतो आणि तिला आजही स्वच्छ दिसते. मूत्रपिंडाचा जन्मजात दोषही या जातीत असतो, त्यामुळे पिल्लू वाजवीपेक्षा जास्त पाणी पीत असेल, वाढ खुंटली असेल, तर रक्त आणि लघवी लगेच तपासून घ्यावी.