‘त्याला काय धरायचं?’

प्रश्न : मॅडम, मी औसा तालुक्यातली, वय २३. लातूरला संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं. आता मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत मास्टर्ससाठी निवड झाली आहे. वडील म्हणतात, माणसं मोजायला एवढं शिकायचं कशाला, ते काम तर झेडपीचे मास्तर करतात. मला पुढे पीएच.डी. करून जागतिक आरोग्याच्या संशोधनात जायचं आहे. पण खरं सांगते, मला कॉम्प्युटरवरचं काम आवडतं. लोकांच्या घरी जाऊन खासगी प्रश्न विचारायची भीती वाटते. सर्वेक्षणांचा डेटा आयता मिळतो म्हणे. मग फील्डवर्क टाळून या क्षेत्रात करिअर होईल का? आणि परदेशी जावंच लागतं का?

उत्तर : होईल. एकाही उंबऱ्यावर न जाता प्रोफेसर झालेले लोक माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यातले काही फार चांगलं काम करतात. तरी तू फील्ड टाळू नकोस असं मला मनापासून वाटतं. का, ते सांगते.

१९९४ साली पीएच.डी.साठी मी बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात बालमृत्यूंवर काम करत होते. पहिल्याच आठवड्यात एका घरी साधारण तिशीची बाई सुपात ज्वारी पाखडत बसली होती. मुलं किती, विचारलं. ‘दोन.’ मुलगे किती आणि मुली किती असं वेगवेगळं विचारल्यावर दोनाची पाच झाली. हे शिकून आले होते, त्यामुळे मनात खूश झाले. मग पुढचा प्रश्न, छापील शब्दांत : ‘जिवंत जन्माला येऊन नंतर वारलेलं मूल आहे का?’ ती ‘नाही’ म्हणाली. मी शून्य लिहिलं आणि उठले.

माझ्याबरोबर मुलाखती घेणाऱ्या एक बाई होत्या, त्याच भागातल्या, सातवी शिकलेल्या. त्या बसूनच राहिल्या. म्हणाल्या, ‘बाई, रडलेलं पण हाती न लागलेलं एखादं लेकरू?’ सूप थांबलं. ‘एक रडलं व्हतं. पाचवी पुजायच्या आदीच गेलं. त्याला काय धरायचं?’

तिच्या हिशेबात ते मूल नव्हतंच. त्याची पाचवी झाली नव्हती, बारसं नव्हतं, नाव नव्हतं. ती खोटं बोलली नव्हती. माझा प्रश्न तिच्या भाषेत नव्हता. त्यानंतर मी आधी झालेल्या ४१ घरांत पुन्हा गेले आणि बाईंच्या शब्दांत विचारलं. सात लेकरं सापडली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता तुझं गणित. लोकसंख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांची पद्धत तू पहिल्या वर्षी शिकशील. जन्ममृत्यूची नोंदच नाही अशा आफ्रिकेतल्या प्रदेशांसाठी त्यांनी ती बसवली. आईला दोनच आकडे विचारायचे : मुलं झाली किती, हयात किती. वीस ते चोवीस वयाच्या आयांची किती मुलं गेली त्यावरून दोन वर्षांपर्यंतच्या मृत्यूचा अंदाज निघतो, तीस ते चौतीसच्या आयांवरून पाच वर्षांपर्यंतचा. मला ही पद्धत आजही सुंदर वाटते. पण माझ्या त्या सात लेकरांच्या जागी शून्य राहिलं असतं, तर पद्धतीतले सगळे गुणक बरोबर लावूनही उत्तर चुकलंच असतं. वर ते गाव कागदावर निरोगी दिसलं असतं. हाती न लागलेल्या लेकरांचा प्रश्न राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही असतो : रडलेलं किंवा जिवंतपणाची काही खूण दाखवलेलं, पण न वाचलेलं बाळ. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ६,३६,६९९ घरांत आणि ७,२४,११५ बायकांच्या मुलाखती झाल्या. तो प्रश्न प्रत्येकीला कोणी कसा विचारला, ते तुला आयत्या फाइलमध्ये दिसणार नाही.

आणखी एक. डिसेंबरात मी त्याच गावांत गेले तर निम्म्या घरांना कुलूप. माणसं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेली होती, पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे. मागे म्हाताऱ्या आणि शेळ्या. फाइलमध्ये अशा घरापुढे ‘घर बंद’ एवढाच संकेतांक येतो, आणि घाईत असलेला विद्यार्थी त्या ओळी गाळून पुढे जातो. मी वैशाखात पुन्हा गेले. गर्भाशयाला तिकडे पिशवी म्हणतात, आणि ‘पिशवी काढली’ हे वाक्य तेव्हा मी अनेकींच्या तोंडून ऐकलं. माझ्या प्रश्नावलीत त्याला रकाना नव्हता. समासात लिहीत गेले आणि प्रबंधात त्याचं काही केलं नाही, ही माझी चूक. गर्भाशय काढल्याबद्दल राष्ट्रीय सर्वेक्षणात थेट प्रश्न आला तो चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये. बीडच्या ऊसतोड बायकांसाठी सरकारने चौकशी समिती नेमली २०१९ मध्ये. तू फील्डवर गेलीस तर समासात काय लिहून येतंय त्याकडे लक्ष ठेव.

वडिलांना सांग, मास्तर मोजतात हे अगदी खरं आहे, आणि जनगणना त्यांच्याच पायांवर उभी आहे. पण बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे २००१ साली ८९४ मुली होत्या आणि २०११ साली ८०७. यातलं किती गर्भलिंगनिदानामुळे, किती जन्मानंतरच्या हेळसांडीमुळे, किती मुलींची नोंदच न केल्यामुळे, हे वेगळं काढायला शिकावं लागतं. तेच तू शिकायला चालली आहेस.

परदेशाचं थोडक्यात. मी दोन वर्षं लंडनला होते, गणित तिथे पक्कं झालं. जरूर जा, पण स्वतःचा प्रश्न घेऊन जा. जागतिक आरोग्याच्या नावाखाली इथली घरं आणि तिथले लेखक अशी वाटणी अजून चालते. माझ्या पाटोद्याच्या माहितीवरचा पहिला संयुक्त लेख नऊ जणांचा होता. त्या नवांत घरोघरी गेलेली मी एकटी, आणि माझं नाव सातवं. माझ्याबरोबर मुलाखती घेणाऱ्या बाईंचं नाव तर आभारातही नव्हतं. तेव्हा मी गप्प बसले. नंतर माझ्या एकाही लेखात मुलाखती घेणाऱ्यांची नावं सुटू दिली नाहीत. याउलट, घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचं गडचिरोलीतलं बंग दांपत्याचं काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं, ते गावातल्याच बायकांनी ठेवलेल्या नोंदींवर.

पैशाचंही सांगायला हवं. पीएच.डी.नंतर कायम जागा मिळेपर्यंत बरीच वर्षं प्रकल्पावर, कंत्राटावर जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निधी थांबवला तेव्हा नव्वदेक देशांत चाललेला आरोग्य सर्वेक्षणांचा मोठा कार्यक्रम एकाएकी बंद पडला. त्यावर पोट असलेली कितीतरी तरुण मुलं मला फोन करत होती. घरी हे आधीच सांगून ठेव.

आणि भीतीचं म्हणशील तर कोर्स सुरू होईपर्यंत वाट पाहू नकोस. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना वय विचार. साठ, पासष्ट, सत्तर असंच येईल. मग बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं का, किल्लारीच्या भूकंपात धाकटा केवढा होता, असं विचारत जा आणि वही भर. चहा मिळेल, बोलायची सवय होईल. ती वही मला पाठव, मी वाचेन.

प्रश्न : मी फोंड्याला नर्स आहे, वय ३६. या क्षेत्रात यायला उशीर झाला का?

उत्तर : अजिबात नाही. तुम्ही सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी घ्या. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत किंवा तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात चौकशी करा. घरी झालेल्या मृत्यूचं कारण नातेवाइकांशी बोलून ठरवावं लागतं, तिथे तुमची नर्सिंगची वर्षं कुठल्याही पदवीपेक्षा उपयोगी पडतील. आणि गोव्यात काम कमी नाही. एका बाईमागे सरासरी १.३ मुलं, म्हणजे म्हातारपणी घरात कोण असणार हा प्रश्न तुमच्या वॉर्डात रोज झोपलेला असेल. डिस्चार्जच्या वेळी पेशंटला न्यायला कोण आलं, एवढं आजपासून लिहून ठेवायला लागा.