‘डॉट’ की ‘पिक्सेल’? तुमची तक्रार या एका शब्दावर उभी आहे

प्रश्न : मी कार्यक्रमांचे फोटो काढून घर चालवतो. चार महिन्यांपूर्वी ऑनलाइन कॅमेरा घेतला. विक्रीच्या पानावर मागच्या स्क्रीनचं रिझोल्यूशन ‘९.२१ लाख पिक्सेल’ लिहिलं होतं. वापरायला लागलो तेव्हा स्क्रीनवर बारीक अक्षरंसुद्धा फुटलेली दिसू लागली. माहितीपुस्तिकेत पाहिलं तर तिथे ‘अंदाजे ९,२१,६०० डॉट’ असं छापलंय, आणि स्क्रीन प्रत्यक्षात ६४० बाय ४८० आहे असं कळलं. विक्रेता म्हणतो, ‘सगळ्याच कंपन्या असं लिहितात, आता परत घेणार नाही.’ कंपनी आणि विक्रेता दोघांनाही खेचायचंय. तक्रार टिकेल का? आणि स्क्रीनमुळे फोकस चुकून जे काम गेलं, त्याची भरपाई मिळेल का?

उत्तर : विक्रेत्याविरुद्ध तुमची बाजू चांगली आहे. कंपनीविरुद्ध, आहे या कागदांवर, कमकुवत आहे. दोघांना एकाच मापाने मोजलंत तर चांगली बाजूसुद्धा कमकुवत होईल, म्हणून आधी फरक समजून घ्या.

एखादं भिंग घेऊन स्क्रीनवरचा पांढरा भाग बघा. पांढरा रंग नाहीसा होईल आणि लाल, हिरव्या, निळ्या अशा बारीक पट्ट्या दिसतील. अशा तीन पट्ट्या मिळून एक पिक्सेल होतो. पट्टीला कॅमेऱ्याच्या धंद्यात ‘डॉट’ म्हणतात आणि स्क्रीन मोजताना डॉटच मोजायची रीत आहे. ६४० गुणिले ४८० म्हणजे ३,०७,२०० पिक्सेल. त्याला तीनने गुणा, बरोबर ९,२१,६०० येतात. म्हणजे पुस्तिकेतला आकडा खराच आहे, पण तो ‘डॉट’ या शब्दासोबतच खरा आहे. विक्रीच्या पानावर कोणीतरी डॉटच्या जागी पिक्सेल टाकलं आणि त्याच क्षणी तो आकडा तिप्पट खोटा झाला. या बाबतीत तुम्ही गैरसमज करून घेतलेला नाही, तो तुम्हाला करून दिला गेला. तीनने भागण्याचा हा हिशेब मात्र प्रत्येक स्क्रीनला लावू नका. काही स्क्रीनमध्ये चौथी, पांढरी पट्टीही असते. तिथे १२,२८,८०० डॉट असूनही पिक्सेल ६४० बाय ४८०च भरतात.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(२८) नुसार वस्तूचं खोटं वर्णन करणारी किंवा तिच्या स्वरूपाबद्दल, प्रमाणाबद्दल, दर्जाबद्दल दिशाभूल होण्याची शक्यता असलेली जाहिरात ‘दिशाभूल करणारी’ ठरते. शक्यता पुरेशी आहे, हेतू सिद्ध करण्याचं ओझं या भागात तुमच्यावर नाही. आणि जाहिरात म्हणजे फक्त टीव्हीवरची नव्हे. कलम २(१) मध्ये संकेतस्थळ, लेबल, वेष्टन, अगदी बिलसुद्धा येतं. ‘दोष’ या शब्दाची व्याख्याही तुमच्या बाजूची आहे : विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा सांगितला, त्यात उणेपणा असणं हाही दोषच. ‘सगळेच असं लिहितात’ हा बचाव डॉटच्या बाबतीत चालू शकेल. डॉटच्या आकड्यापुढे पिक्सेल लिहिणं त्यात बसत नाही.

शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतल्या नियम ६(३) प्रमाणे, मालाचे गुणधर्म जाहिरातीप्रमाणे नसतील तर बाजारपेठेसारख्या संकेतस्थळावरून विकणाऱ्याला माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. तुम्हाला मिळालेलं उत्तर या नियमाच्या सरळ विरुद्ध आहे.

कंपनीबद्दल. तिने डॉटचा आकडा दिला आणि तो बरोबर आहे. सामान्य ग्राहकाला डॉट म्हणजे काय हे कुठेच न सांगता मोठा आकडा पुढे करणं मला पटत नाही, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवली असा युक्तिवाद करता येईल. पण त्यावर निकाल अवलंबून ठेवू नका. विक्रीच्या पानावरचा मजकूर कंपनीने पुरवला होता असं दिसून आलं तर चित्र बदलेल. त्यासाठी कंपनीच्या ग्राहक सेवेला साधा ईमेल करा : ‘या मॉडेलच्या स्क्रीनची रुंदी आणि उंची किती पिक्सेल?’ उत्तर आलं की तो तुमचा सर्वांत भक्कम पुरावा. प्रयोगशाळेच्या तपासणीची वेळच येणार नाही.

विरुद्ध पक्ष पहिला हल्ला वेगळ्याच ठिकाणी करेल. ‘कॅमेरा धंद्यासाठी घेतला, त्यामुळे हे ग्राहकच नाहीत.’ त्याची तयारी आतापासून ठेवा. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्यातून वगळली आहे खरी, पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू त्यातून सुटते. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा की कॅमेरा तुम्ही स्वतः हाताळता आणि घर त्यावर चालतं. बिल एखाद्या फर्मच्या नावावर असेल तर हे जास्तच स्पष्ट करा.

गेलेल्या कामाच्या भरपाईबद्दल तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. स्क्रीनच्या रिझोल्यूशनचा टिपलेल्या फोटोच्या रिझोल्यूशनशी संबंध नसतो. फोकस तपासायला फोटो मोठा करून बघता येतो, हे समोरचा वकील दाखवून देईलच. नुकसान आणि स्क्रीन यांची सांगड घालणं अवघड आहे. ही मागणी मुख्य केलीत तर ग्राहक आयोगाचं लक्ष तिच्या कच्चेपणावर जाईल. माझ्या मते मुख्य मागणी पैसे परत मिळण्याची ठेवा. चार महिने वापर झाला आहे, म्हणून पर्याय म्हणून किमतीतल्या फरकाइतकी भरपाई मागा. मानसिक त्रास आणि खर्चाची रास्त रक्कम जोडा. कलम ३९ खाली आधीची चूक दुरुस्त करणारी जाहिरात द्यायला लावण्याचीही मागणी करता येते. ती जरूर करा, तुमच्यासारखे आणखी खरेदीदार असणारच.

मुदतीची काळजी नको, दोन वर्षं आहेत. तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल होते, वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा, कित्येकदा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर पंधरा दिवसांची नोटीस पाठवा आणि मजकूर एवढाच ठेवा : ‘आपल्या पानावर स्क्रीन ९.२१ लाख पिक्सेलची असल्याचे नमूद होते. प्रत्यक्षात ती ३,०७,२०० पिक्सेलची आहे. रक्कम परत करावी.’ फौजदारीची धमकी, रागाचे शब्द, काही नको.

पण नोटीस टाकण्याआधी आज रात्रीच त्या पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या. त्यात पानाचा वेब-पत्ता, तारीख आणि विक्रेत्याचं नाव एकत्र दिसू द्या. सोबत ऑर्डरचा ईमेल, बिल आणि पुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्रही जोडा. नोटीस पोचल्यावर सर्वांत आधी तो ‘पिक्सेल’ शब्दच तिथून पुसला जाईल.