पन्हाळ्यासारख्या थंड, पावसाळी जागी अंजीर कसं टिकवायचं

ताई, तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. पन्हाळ्यावर घरामागे लावलेल्या सासवडच्या दोन रोपांची पानं डिसेंबरात गळाली, म्हणजे ती गेली का? थंड देशांतले लोक झाडाला गोणपाट गुंडाळतात, तसं आपणही करावं का? आणि गेल्या पावसाळ्यात फळं सुपारीएवढी होऊन गळून का पडली?

आधी पानगळ. अंजीर हे पानगळीचंच झाड आहे. रात्री गारठल्या की वाढ थांबते, पानं पिवळी होऊन झडतात आणि झाड विश्रांती घेतं. जिवंत आहे का ते पाहायचं तर खोडाची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला तर झाड उत्तम आहे. शेंडा वाळून तपकिरी झाला असेल तर तेवढाच भाग हिरव्या लाकडापर्यंत कापून टाका. पानं नसताना पाणी मात्र कमी करा, दहा-बारा दिवसांनी एकदा पुरे. झाड झोपेत असताना रोज पाणी घातल्याने मुळं कुजतात आणि दोष थंडीला दिला जातो.

गोणपाट गुंडाळू नका. विश्रांतीतलं जुनं, पक्कं अंजीर साधारण उणे 8 ते 10 अंशांपर्यंत तग धरतं. इंग्लंड-कॅनडात पारा त्याखाली जातो किंवा कोवळं लाकूड हिमाने फुटतं, म्हणून तिथे गवत-पोती बांधतात, कुंड्या गॅरेजमध्ये हलवतात. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हिम पडत नाही. पन्हाळ्याच्या धुक्यात गुंडाळलेलं खोड आतून ओलं राहील, त्यावर बुरशी धरेल आणि खोडकिड्याला आयता आडोसा मिळेल.

त्या लोकांच्या दोन-तीन युक्त्या मात्र आपल्याला खरोखर उपयोगी आहेत. पहिली भिंतीची. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीसमोर, तीन-चार फूट अंतरावर झाड लावायचं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब देते. जांभ्याची भिंत असेल तर फारच छान. वाराही अडतो. दुसरी युक्ती मुळांना आवर घालण्याची. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्याच्या चारही बाजूंना शहाबादी फरशीचे तुकडे उभे लावायचे, तळाला विटांचे तुकडे भरायचे. मुळं मोकाट सुटली की नुसती पानं वाढतात, अडवली की झाड फळाकडे वळतं.

पण इथे एक धोका आहे. जांभ्यात खणलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो, आणि अंजिराची मुळं दोन-तीन दिवस पाण्यात राहिली तरी झाड पिवळं पडू लागतं. म्हणून खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूने, तळाच्या पातळीवर, वीतभर रुंद चर काढून पाणी बाहेर पडेल असं करा. माती भरतानाही जमिनीपेक्षा फूटभर उंच उंचवटा ठेवा. भरायला निम्मी लाल माती, पाव भाग कुजलेलं शेणखत, पाव भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम, आणि खड्ड्याला 1 किलो निंबोळी पेंड. जांभ्याची माती बहुधा आम्ल असते, अंजिराला मात्र 7 ते 8 सामू (pH) मानवतो, चुनखडीच्या जमिनीत ते खूश असतं. माती तपासून सामू 6 च्या खाली आला तर खड्ड्यात 200-250 ग्रॅम शेतीचा चुना मिसळा.

तुमची रोपं आता पर्णहीन आहेत, तेव्हा जागा बदलायची तर हीच वेळ. मातीच्या गड्ड्यासकट उचला, खोड दोन फुटांवर छाटा, नव्या जागी लावा. फेब्रुवारीत फुटवे येतील. त्यातले चार-पाच सगळ्या बाजूंना पसरलेले ठेवा, बाकीचे काढा. छाटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. चीक अंगाला लागून वर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते.

आता फळगळ, कारण खरा प्रश्न तोच आहे. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते पीक तिथे रुजलं, कारण सासवड-दिवे पट्टा कोरडा आहे. आपल्या जिल्ह्यात शिरोळला पाऊस बेताचा आणि गगनबावड्याला धो-धो, पन्हाळा या दोन टोकांच्या मधे पण ओल्या बाजूला. अंजिराचे दोन बहार असतात. खट्टा बहार उन्हाळ्याच्या शेवटी छाटून धरतात आणि फळं पावसाळ्यात वाढतात. मीठा बहार पाऊस सरल्यावर छाटून धरतात आणि फळं उन्हाळ्यात पिकतात. पन्हाळ्यावर खट्टा बहार धरूच नये. पावसात जी फळं आपोआप लागतील ती लहान असतानाच काढून टाका. आंबट होऊन सडणाऱ्या फळांवर झाडाने ताकद का घालवावी?

पावसात ती गळतात ती मुख्यतः तांबेऱ्यामुळे. पान उलटून पाहा. खालच्या बाजूला तपकिरी-नारिंगी पुरळ दिसेल, बोटाला भुकटी लागेल. रोग वाढला की पानं झडतात आणि पानांविना फळ पोसलं जात नाही. यावर बोर्डो मिश्रण. दोन-तीन झाडांना 5 लिटर पुरतं. 50 ग्रॅम मोरचूद अडीच लिटर पाण्यात आणि 50 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अडीच लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत विरघळवा. मग तिसऱ्या बादलीत दोन्ही एकाच वेळी ओतत काठीने ढवळा. त्यात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, थोडी चुन्याची निवळी आणखी घाला. असा थर चढलेला असताना फवारलं तर पानं करपतात. मिश्रण गाळून त्याच दिवशी वापरा. पहिली फवारणी जूनच्या सुरुवातीला, पुढे उघडीप मिळेल तशी पंधरा-वीस दिवसांनी. कोवळ्या पालवीवर निम्म्या ताकदीचं वापरा. खाली पडलेली पानं गोळा करून जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका. सप्टेंबरअखेर झाड बोडकं झालं तरी घाबरू नका, कारण पुढे छाटणीच आहे.

छाटणी दसरा-दिवाळीच्या मधे, परतीचा पाऊस थांबल्याची खात्री झाल्यावर. मीठा बहार नव्या फुटीवर येतो, म्हणून यंदाच्या फांद्या तीन-चार डोळे (फुटीचे अंकुर) ठेवून कापा, वाळक्या आणि आतल्या बाजूला वळलेल्या पूर्ण काढा. सुप्त डोळा फुटत नसेल तर त्याच्या किंचित वर तिरकी खाच घ्या, साल कापून लाकडाला जेमतेम लागेल इतकीच. छाटल्यावर झाडाला 15-20 किलो शेणखत घाला. युरियाचा मोह टाळा, नाहीतर लांबलचक फांद्या आणि भाजीसारखी पानं मिळतील. नव्या फुटीला सहा-सात पानं झाली की शेंडा खुडा. ही थंड देशांतली तिसरी युक्ती.

मग धीराचा काळ येतो. अंजीर भराभर वाढतं, मधेच कित्येक आठवडे एकाच आकारावर थांबतं आणि शेवटच्या काही दिवसांत एकदम फुगतं. पन्हाळ्याच्या गार रात्रींमुळे हा मधला थांबा लांबतो. या काळात खत-पाणी वाढवण्याने काही होत नाही. फळाच्या तोंडाशी असलेला डोळा लालसर होऊ लागला की त्यावर गोड्या तेलाचा एक थेंब काडीने लावा, पिकणं काही दिवस अलीकडे येतं. हा उपाय फार जुना आहे. घाई करून हिरव्या डोळ्यावर लावलं तर फळ फोपसं होतं. मार्च-एप्रिलमध्ये काढणी सुरू होईल. मान लवली, रंग जांभळट झाला, हाताला मऊ लागलं की तोडा. झाडावरून उतरवलेलं कच्चं अंजीर घरात पिकून गोड होत नाही. वळवाच्या आधी जितकी फळं उतरतील तितकी आपली, कारण पाऊस लागला की ती फुटतात.

फुटण्याचं दुसरं कारण अनियमित पाणी. फेब्रुवारीपासून आळ्यात उसाच्या पाचटाचा चार-पाच इंच थर द्या, खोडापासून वीतभर लांब. मेअखेरीस तो काढून टाका, पावसात तिथे कुजका दमटपणा नको. बुलबुल आणि वटवाघळं यांच्यासाठी जाळी लागेलच.

खोडाशी भुसा पडलेला दिसला तर खोडकिडा आहे. छिद्रात तार घालून अळी मारा, पेट्रोलचा बोळा कोंबा, वरून चिखलाने बंद करा. वांगी-टोमॅटोच्या जुन्या वाफ्यात अंजीर लावू नका, तिथे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी असतात.

आणखी रोपं घ्यायची असतील तर पूना किंवा दिनकर या जातींचीच घ्या, त्यांना परागीभवन लागत नाही. तुर्कस्तानातल्या 'बर्सा' जातीला परागीभवनासाठी अंजिराची विशिष्ट माशी लागते. ती आपल्याकडे नाही, त्यामुळे फळं धरून गळतात. त्याहून सोपं म्हणजे ऑक्टोबरच्या छाटणीतल्या पेन्सिलएवढ्या जाड, वीतभर लांब, चार-पाच डोळ्यांच्या काड्या घ्या. चीक सुकू द्या, दोन-तृतीयांश भाग मातीत जाईल अशा पिशव्यांत लावा आणि पाणी जेमतेम ठेवा. दीड महिन्यात मुळं धरतात. गगनबावड्याकडच्या लोकांनी मात्र जमिनीचा नाद सोडून अर्ध्या ड्रममध्ये झाड लावावं आणि जून ते सप्टेंबर ते पारदर्शक पत्र्याच्या छपराखाली ठेवावं, बाजू उघड्या ठेवून.