पेटी, पासबुक आणि पोच

(तहसील कचेरीत सत्तावीस वर्षं काढून अव्वल कारकून म्हणून मी निवृत्त झाले. त्यातली अकरा वर्षं संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेत गेली. या पानावर अडचणीतल्या वाचकांच्या पत्रांना उत्तरं देते.)

प्रश्न : मॅडम, माझे यजमान गवंडीकाम करायचे. नागपंचमीनंतर चौथ्या दिवशी छातीत कळ आली आणि गेले. वय ४३ होतं. मुलगी आठवीत आहे, मुलगा पाचवीत. दवाखान्यासाठी घेतलेले ४० हजार हातउसने अजून फेडायचे आहेत. मोबाइलवर मेसेज आला, ‘सरकारी तातडी कर्ज, ३ लाख, २४ तासांत खात्यावर’. नोंदणीचे १,२५० रुपये भरले, आधारकार्डाचा फोटोही पाठवला. आता विम्याचे म्हणून ३,८५० मागतायत. भरू का? लाडकी बहीणचे पैसे येतात, त्यावर कसंबसं चाललंय. संजय गांधीचा अर्जही करावा म्हणते. यजमानांना मागे एकदा पत्र्याची पेटी आणि भांड्यांचा सेट मिळाला होता, बाकी सरकारचं आम्हाला कधी काही मिळालं नाही.
— एक भगिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, एक रुपयाही भरू नका. आधी १९३० या नंबरवर फोन लावा. सायबर फसवणुकीची तक्रार तिथे घेतात. १,२५० रुपये कधी, कुणाच्या खात्यावर गेले ते सांगा. मेसेज पुसू नका, तोच पुरावा आहे. आधारचा फोटो गेलाय, म्हणून बँकेतही कळवून ठेवा आणि कुणी ओटीपी विचारला तर देऊ नका. मुद्रा कर्जाच्या नावाने फी मागणारी बनावट पत्रं फिरतात, हे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने अनेकदा जाहीर केलंय. खरं मुद्रा कर्ज धंद्यासाठी असतं आणि ते बँकेतून मिळतं. दुःखात असलेल्या घराला २४ तासांत ३ लाख देणारी सरकारी कचेरी मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिली नाही.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीकडे येते. ती वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ताई, पेटी आणि भांड्यांचा सेट बांधकाम कामगार मंडळाकडून मिळतो आणि तो नोंदणी असलेल्या कामगारालाच देतात. म्हणजे तुमच्या यजमानांची नोंदणी झालेली होती. ती पेटी उघडा, त्यांचं पाकीट बघा, मंडळाचं ओळखपत्र किंवा नोंदणीची पावती शोधा. नाहीच सापडलं तर त्यांचा आधार नंबर आणि मोबाइल नंबर घेऊन जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जा, नोंद तिथे सापडेल. त्यांचं सिमकार्ड मात्र बंद होऊ देऊ नका.

नोंदणीचं नूतनीकरण झालेलं असेल, म्हणजे कार्डवाले म्हणतात तसं कार्ड ‘चालू’ असेल, तर नैसर्गिक मृत्यूनंतर वारसाला मंडळ २ लाख रुपये देतं. विधवा पत्नीला वर्षाला २४ हजार, असं पाच वर्षं मिळतं. तुम्ही ३ लाखांचं कर्ज शोधताय आणि इथे न फेडायचे पैसे तुमच्या नावावर असण्याची शक्यता आहे. नूतनीकरण राहून गेलं असेल तरी माघारी फिरू नका. शेवटची पावती कोणत्या तारखेची आहे ते पाहायला लावा आणि जे उत्तर देतील ते लेखी मागा.

दुसरं काम पासबुकाचं. यजमानांचं पासबुक बँकेत नेऊन भरून घ्या आणि मे-जूनच्या नोंदी बोटाने एकेक करून वाचा. ४३६ रुपये कापलेले दिसतायत का? दिसले तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता आहे. हा विमा १८ ते ५० वयात घेता येतो, मृत्यूचं कारण कोणतंही चालतं आणि वारसदाराला २ लाख मिळतात. २० रुपये कापलेले असतील तर तो अपघात विमा, हृदयविकाराने गेलेल्या माणसासाठी तो लागू होत नाही. खातं उघडताना कुठल्या कागदावर सही केली हे पुरुष घरी सांगत नाहीत, त्यामुळे असे हप्ते बायकांना माहीतच नसतात. नोंद दिसली तर त्याच दिवशी शाखेतून दाव्याचा फॉर्म मागा. आज या, उद्या या करतील, तरी फॉर्म घेतल्याशिवाय उठू नका.

संजय गांधीचं म्हणाल तर त्यासाठी सध्या पायपीट करू नका, असं मी तरी सांगेन. विधवांना त्यात महिन्याला १,५०० मिळतात, पण ते आणि लाडकी बहीणचे पैसे दोन्ही एकदम मिळत नाहीत. उत्पन्नाचा दाखला, तलाठी, सेतू, असा आठवडा घालवून हातात तेवढेच पडतील. तो आठवडा राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेला द्या. घरचा कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एकरकमी २० हजार मिळतात. अर्ज तहसीलमध्येच करायचा. फक्त पिवळं रेशनकार्ड आहे म्हणून गृहीत धरू नका, दारिद्र्यरेषेच्या यादीतला क्रमांक लागतो. तो ग्रामसेवकांकडून दाखल्यावर लिहून घ्या.

मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. वडील नसलेल्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जातो, घरी चौकशी होते आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. पैसे दर महिन्याला वेळेवर येतील असं मी सांगणार नाही, चार-चार महिने रखडलेले मी पाहिलेत. तरी दोन मुलांचे अर्ज आजच करा.

कागदांबद्दल एक सांगायचं आहे, ते माझ्या मनात कायम सलतं. शाखेत असताना एक बाई यायच्या. मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव ‘लक्ष्मण’, रेशनकार्डावर ‘लखन’. नियमाप्रमाणे मी फाइल परत केली. तीनदा केली. नावात दुरुस्ती कुठे आणि कशी करायची, हे मी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्यायला हवं होतं. चौथ्या खेपेला कळलं, एसटीच्या भाड्यासाठी त्या शेजारणीकडून उसने पैसे घेऊन येत होत्या. म्हणून तुम्हाला विनवते, मृत्यूचा दाखला, त्यांचं आधार, तुमचं आधार, रेशनकार्ड आणि पासबुक घरीच चटईवर शेजारी शेजारी मांडा आणि नावं अक्षरन्‌अक्षर जुळवा. फरक दिसला तर आधी तो दुरुस्त करा. मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा मूळ प्रती काढून ठेवा. तुमचं खातं आधारला जोडलेलं आहे का तेही विचारा. आणि कुठेही अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पोच नसली तर अर्ज दिलाच नाही असं धरतात.

प्रश्न : मी हातगाडीवर भाजी विकतो. बायकोच्या बाळंतपणात महिना दहा टक्क्यांनी पैसे घेतले. व्याजातच कमाई जाते. सरकारी कर्ज मिळेल का?
— एक भाजीविक्रेते, पुणे

उत्तर : दादा, पीएम स्वनिधी ही फेरीवाल्यांची कर्जयोजना तुमच्यासाठीच आहे. पहिलं कर्ज १५ हजारांपर्यंत, तारण लागत नाही. वेळेवर फेडलं की २५ हजार, मग ५० हजार. व्याजात ७ टक्के सवलत तुमच्या खात्यावर जमा होते. महापालिकेचं फेरीवाला प्रमाणपत्र नसेल तर तिथूनच शिफारसपत्र मागा. पण हे भांडवल आहे, ते सावकाराच्या व्याजात घालू नका, नाहीतर गाडी रिकामी आणि दोन्ही देणी डोक्यावर.

सावकाराकडे परवाना आहे का ते बघा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे आणि परवाना असला तरी महिना दहा टक्के लावता येत नाहीत. तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे करायची. कोरा चेक किंवा सही केलेला स्टॅम्प पेपर दिला असेल तर तेही अर्जात लिहा. आजवर किती दिले याचा तारीखवार हिशेब वहीत मांडून न्या. फोनवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी बँकेतून छापून मिळतात.