मार्चमध्ये जास्वंदीवरचा लाल कोळी फवारल्यानंतरही आठवड्यात परत का येतो?

तुम्ही लिहिलंय की मालाडच्या घरात ग्रिलमधली जास्वंद पावसाळ्यात छान होती, आता पानं पिवळट पडून जाळी धरतेय. कडुनिंबाचं तेल दर 10 दिवसांनी फवारता, तरी लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारा तो बारीकसा जीव, हटत नाही. तेल बदलू नका, 10 दिवसांचं अंतर बदला.

लाल कोळ्याला अंगची ऊब नसते, त्याची वाढ हवेच्या उष्णतेवर चालते. साधारण 12 अंशांच्या खाली ती जवळजवळ थांबते. वरचा प्रत्येक अंश त्याच्या खात्यात जमा होतो. 20 अंशांना अंड्यापासून अंडी घालणारी मादी व्हायला सुमारे 17 दिवस लागतात, 30 अंशांना जेमतेम 8. म्हणजे थंड हवेत एक पिढी होते तेवढ्यात आपल्याकडे दोन होतात, आणि एकेक मादी आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. नर भेटला नाही तरी ती अंडी घालतेच, फक्त त्यातून सगळे नर निघतात. 35 अंशांच्या बरंच वर गेलं की अंडी घालणं मंदावतं, पण मुंबईत मार्चचे बहुतेक दिवस 32-33 अंशांचे, म्हणजे त्याला अगदी मानवणारे. कोरड्या हवेत तो आणखी फोफावतो. पावसाळ्यात धो धो सरी त्याला धुऊन नेतात, म्हणून तेव्हा तो दिसला नाही.

आता फवारणीचं. तेलाने चालते-फिरते कोळी मरतात, बरीच अंडी वाचतात. या उष्म्यात ती 3-4 दिवसांत फुटतात आणि आणखी 4-5 दिवसांत त्या पिल्लांच्या माद्या होतात. तुमची दहाव्या दिवसाची फवारणी होते तोवर नवी अंडी पडलेली असतात. माझी गच्चीवरची भेंडी याच चुकीने गेली, फार जीव लावला होता तिला. म्हणून दर 4 दिवसांनी, अशा 3 फवारण्या करा. संध्याकाळी आणि पानांच्या खालच्या बाजूने, कारण तो तिथेच बसतो. आदल्या दिवशी पाण्याच्या जोरदार धारेने पानं खालून धुवा. दुकानदार साधं कीटकनाशक देईल, ते घेऊ नका: कोळी कीटक नाही, आठ पायांचा आहे, आणि अशा औषधाने त्याला खाणारे ढालकिडेच आधी मरतात.

कुंडी शेजाऱ्यांच्या एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर आहे का तेही पाहा. तिथली गरम, कोरडी हवा रात्रीही थांबत नाही. असेल तर आजच हलवा.